खैरीटोल्यातले चार प्रिंटर

शुक्रवार, २७ सप्टेंबर

खैरीटोल्याचा प्रिंटर पुन्हा गेला!

मागच्याच आठवड्यात मी स्वतः चालवून दाखवला होता. चाचणीचं पान काढून उमरावजींच्या हातात दिलं. 'गरम गरम निघालं, पोळीवानी!' म्हणाले. आणि आज दुकानाचं शटर अर्धं वर जात नाही तोच भूपेंद्रदादाच्या फोनवर तेच उमरावजी — 'तुमची पोरगी काय करून गेली? मशीन प्रिंटरले ओळखूनच नाई राहिली.'

तुमची पोरगी म्हणजे मी.

भूपेंद्रदादा गोंदियाचा, त्याचं अर्धं बोलणं हिंदीतून. 'चंदा, टेन्शन नहीं लेने का. पुराना माल है, रूठता है. जा, मनाके आ.' त्याला काय! अर्जुनीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आजूबाजूच्या गावांतल्या संस्थांचे म्हातारे कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्यानं घेतलंय आणि माझ्या गळ्यात घातलंय. मी दिवाळीपर्यंत ट्रायलवर.

बसनं फाट्यावर उतरले, तलावाच्या बांधावरून चालत गेले. धान पोटरीत आलंय सगळीकडे, लोंबी अजून आतच. त्याला आता शेवटचं एक पाणी लागणार. ते तलावातून सुटणार, आणि कोणाला कधी ते गावाची पाणी वापर संस्था ठरवणार. कागदावर त्याला पाणीपाळी म्हणतात, गावात बारी. ज्याच्या त्याच्या बारीची चिठ्ठी या प्रिंटरवर निघते. हातानं लिहिलेली चालत नाही. हातानं लिहिली की लगेच विचारतात — कोणाच्या हातानं?

उमरावजी संस्थेचे अध्यक्ष. खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाले, 'बस, आन बोल त्याच्याशी.'

कॉम्प्युटर म्हणत होता, प्रिंटर 'ऑफलाइन'. प्रिंटरचा हिरवा दिवा तर लागलेला! दोघं एका टेबलावर, एका वायरनं बांधलेले, आणि एक म्हणतो दुसरा घरी नाही. बंद करून चालू केलं. अडकलेली कामं पुसून टाकली. मग प्रिंटरांची नावं उघडली — एकाच नावाचे चार प्रिंटर! खोलीत एकच. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. (हे कोणाला सांगणार नाही.)

चारांतले तीन फिके, एक ठळक. ठळक निवडला, तोच कायमचा केला. पान निघालं! नंदाबाईनं टाळ्या वाजवल्या. नंदाबाई म्हणजे तिथली झाडझूड, सारवण, चहा, सगळं. 'तू आली का मशीनले बरं वाटते वो. डाक्टरीनबाईच होय तू!' गुळाचा चहा दिला आणि वर मूठभर लाह्या ओढणीत बांधून दिल्या.

तक्रारीच्या कागदावर 'कारण' अशी जागा असते. मी लिहिलं — वायर सैल.

शनिवार, २८ सप्टेंबर

वायर सैल नव्हती. म्हणजे असेलही. म्हणजे मी बघितलीच नाही! चालू झाल्याच्या आनंदात लिहून मोकळी झाले.

सकाळी भूपेंद्रदादाला सांगितलं. तो हसत सुटला. 'अरे सब जगह यही लिखते हैं. वायर थोडी बुरा मानती है!'

वायर नसेल मानत. पण बाबा म्हणतात, शिकलेल्या मानसानं लिहिलं का ते खरं होते. आमच्या घरात लिहिणारी मी पहिलीच, त्यामुळे सगळ्या खऱ्याचा बोजा माझ्याच डोक्यावर. ही वही मी उघडी फळीवर ठेवते — कुलूप कशाला, वाचणार कोण? आई तिच्यावर कुंकवाची डबी ठेवते.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

पुन्हा!! पुन्हा शुक्रवारीच!

पोचले तर संस्थेच्या ओसरीवर जत्रा. सकाळपासून प्रत्येकानं छापायचं बटण दाबून पाहिलेलं. आधी उमरावजींनी. मग सुखरामकाकांनी. मग चष्मा बदलून पुन्हा उमरावजींनी.

इथलं भांडण आता मला पाठ झालंय. तलावाचं पाणी सोडायचं दार म्हणजे तुडूम. तुडुमाजवळ ज्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, ते एका बाजूला, टोकाला ज्यांच्या ते दुसऱ्या. टोकाचे म्हणतात, जवळचे आधी पोट फुटेस्तोवर पितात. जवळचे म्हणतात, टोकाच्यांना रडायची सवयच. सुखरामकाका टोकाचे. मनिरामजी जवळचे. दोघं एकाच ओसरीवर, पण मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या.

मी यादी उघडली. मागच्या शुक्रवारी ठळक असलेला प्रिंटर आज फिका, आणि दुसराच ठळक! सगळे मागून बघत होते. काही सुचेना म्हणून कॉम्प्युटरच्या मागची वायर उपटली आणि शेजारच्या भोकात, म्हणजे पोर्टमध्ये, घातली.

आणि प्रिंटर सुटला!

एक पान, दुसरं पान, तिसरं — थांबेचना. सकाळपासून ज्यानं ज्यानं बटण दाबलं होतं त्या सगळ्या चिठ्ठ्या एकामागून एक. पानं टेबलावरून खाली, खालून ओसरीवर. नंदाबाई पदर पसरून झेलतेय. उमरावजी ओरडले, 'अवो बंद कर! एवढ्या बाऱ्या त तलावात पानी नाई!'

सुखरामकाकांनी आपल्या नावाच्या सगळ्या उचलून खिशात घातल्या. 'राहू दे, कामात येतीन.'

'असं काऊन, फुकटचं भेटलं का खिशात?' — मनिरामजी.

'तुमी पानी खिशात घालता, मी कागद घालतो!'

सगळे हसले. उमरावजी नाही हसले. लोक गेल्यावर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, 'हे आपोआप होऊन नाई राहिलं. चिठ्ठ्या निघू नये म्हनून कोनीतरी मुद्दाम करून राहिला. इकडचा का तिकडचा, ते तू शोध. तू बाहेरची होय, शिकलेली होय, तुझं सगळे मानतीन. सापडला का सभेत नाव सांग. कोनी असो — संस्थेत त्याले जागा नाई. शब्द देतो.'

'हाव, काढाच अशा मानसाले!' नंदाबाई कप उचलता उचलता म्हणाली.

'कारण' — आज काहीच लिहिलं नाही. रिकामं ठेवलं. रिकामं म्हणजे खोटं नाही ना?

शनिवार, ५ ऑक्टोबर

सापडलं! सापडलं! सापडलं!

दुकानात एक तसलाच जुना कॉम्प्युटर आहे, त्याला तसलाच जुना प्रिंटर जोडला. पान निघालं. मग वायर काढून शेजारच्या पोर्टमध्ये घातली. यादीत लगेच दुसरा प्रिंटर! त्याच नावाचा, पुढे 'कॉपी'. तिसऱ्यात घातली — तिसरा. या जुन्या यंत्रांना दार बदललं की पाहुणा नवा वाटतो. आणि आधीचा म्हणे घरी नाही!

म्हणजे खैरीटोल्यात चार पोर्ट, म्हणून चार प्रिंटर. छापायला सांगतोय एकाला, वायर भलत्याच दारात. एवढंच! मी भूपेंद्रदादासमोर गोल फिरले. तो म्हणाला, 'चलो, समोसा मेरी तरफ से.'

समोसा अर्धा खाल्ला आणि उरलेला खाली ठेवला.

वायर आपोआप दार बदलत नाही. म्हणजे उमरावजींचं बरोबर. कोणीतरी खरंच करतंय.

सोमवार, ७ ऑक्टोबर

दर वेळी शुक्रवारी बिघडतो. बाकी दिवशी फोन नाही. म्हणजे जे होतं ते गुरुवारी होतं.

भूपेंद्रदादा: 'तू तो जासूस बन गई रे!' मला मजा वाटत नाहीये. थोडी वाटतेय.

गुरुवार, १० ऑक्टोबर

न सांगता गेले. रस्त्यात दोनदा वाटलं परत जावं. कोणाचं नाव ऐकणं वेगळं, डोळ्यांनी बघणं वेगळं. सुखरामकाका निघाले तर? मनिरामजी निघाले तर काय त्यांचा हात धरणार होते मी?

ऑफिसचं दार उघडं. आतून ओल्या शेणामातीचा वास. कॉम्प्युटर, प्रिंटर, टेबल सगळं ओसरीवर, त्यावर जुनं लुगडं झाकलेलं. आणि नंदाबाई गुडघ्यांवर बसून खोली सारवतेय.

'ये वो डाक्टरीन! पाय नको टाकू, ओलं आहे. खोलीले फरशी बसन तवा बसन. तवरी दर गुरवारी लक्ष्मीचा हात फिरवाच लागते.'

मी ओसरीवर बसले. सारवण वाळलं. आम्ही दोघींनी टेबल आत नेलं. कॉम्प्युटर ठेवला. तिनं पंख्याची वायर लावली, स्क्रीनची लावली, सगळं अगदी नीट, पुसून. मग प्रिंटरची वायर हातात घेतली, आणि कॉम्प्युटरच्या मागे वाकून बोट फिरवायला लागली. 'मागच्या गुरवारी हे होतं... त आज याची.' आणि तिसऱ्यात घातली.

माझ्या तोंडातून निघून गेलं, 'असं काऊन?' एरवी मी 'का' म्हणते.

'काऊन म्हंजे? रोज एकाच भोकात खुपसलं त ते झिजन नाई? आन बाकीच्यायनं काय पाप केलं? चार होत, त चारहीले बारी द्याव लागते.' मग हसली. 'माझा सासरा तुडुमावर पानी वाटे. म्हने, नंदे, बारी ठेव. नाई त लोक फावडे घेऊन धावतात.'

म्हणजे या गावात इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवरून डोकी फुटतात, ती गोष्ट तिनं बिनबोभाट कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावून दिली होती. आणि त्यामुळेच चिठ्ठ्या निघत नव्हत्या.

मला सांगायचं होतं. तोंड उघडलं. तिनं त्यात उकडलेला शिंगाडा घातला.

शेत नाही नंदाबाईचं. घरी एकटी. दिवसभर त्या ओसरीवर असते म्हणून चार माणसांशी बोलते. 'संस्थेत जागा नाई' म्हणजे तिला काय, हे बसमध्ये बसल्यावर मला कळायला लागलं. निघताना गुपचूप तिसरा प्रिंटर निवडून ठेवला होता — उद्या तरी चालू दे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

उमरावजींचा फोन. आवाजात लाडू फुटत होते.

'आज फर्स्टक्लास चालला! समजलं का काऊन? तू काल येऊन गेली हे त्यानं पाहिलं, आन घाबरला! आता सांग, कोन होय?'

मी म्हटलं, अजून तपासतेय. हे खोटं. तपासून झालंय.

'बुधवारी सभा आहे. पानी सोडाचं ठरवाचं आहे. तू ये. तिथं सांग.'

आईला विचारलं — एखाद्यानं चांगल्या मनानं केलं आणि त्यानं नुकसान झालं, तर तो गुन्हेगार का? आई भाजी चिरत होती. म्हणाली, 'तू आता काय तोडलंस?'

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. दुकानात यंत्रांची पूजा. भूपेंद्रदादानं प्रत्येक प्रिंटरला कुंकू लावलं आणि अक्षता थेट कागद जातो त्या फटीत टाकायला निघाला. मी किंचाळले! त्याच्या हातून ताट पडता पडता राहिलं. मग माझ्या स्क्रूड्रायव्हरला झेंडूचं फूल वाहिलं. 'इसको ही बोनस देना चाहिए,' म्हणाला. स्क्रूड्रायव्हरला.

रविवार, १३ ऑक्टोबर

तिला 'असं करू नका' सांगता येईल. एक वायर, एक पोर्ट, वर चिकटपट्टी. दोन मिनिटांचं काम. पण मग ती विचारेल — काऊन? आणि मग सांगावं लागेल की ज्याला काढायला तूच 'हाव' म्हणालीस तो माणूस तू.

दुसरा मार्ग शोधते आहे. जुन्या माहितीपुस्तकात, मोबाइलवर, सगळीकडे. आई म्हणते डोळे जातील.

सोमवार, १४ ऑक्टोबर

मार्ग आहे! आणि किती सोपा!

प्रिंटरच्या गुणधर्मांत पोर्टांच्या पानावर अगदी खाली एक बारीक चौकोन असतो. त्यात खूण केली की एकाच प्रिंटरला एकाहून जास्त पोर्ट देता येतात. चारही निवडले. आता वायर कुठल्याही दारात असो, काम जिथं तो सापडेल तिथून जातं. बाकीच्या तीन भुतांना यादीतून पुसून टाकलं.

हे सगळं आज खैरीटोल्यात जाऊन केलं. मग वायर एकेक करून चारही पोर्टांत घातली. चारही वेळा पान निघालं! काहीही शोधत नाही, रुसत नाही. चौथं पान निघालं तेव्हा मी प्रिंटरच्या डोक्यावर थाप मारली. माझ्याआधी नंदाबाईनं मारली.

'म्हंजे आता त्याले बारी समजली,' ती म्हणाली.

उमरावजी दारात उभे. 'चालला हे बेस झालं. पन करत कोन होता?'

'बुधवारी...' मी म्हटलं. आणि पिशवी आवरायला लागले.

नंदाबाई मला फाट्यापर्यंत सोडायला आली. तलावाच्या बांधावर मधेच थांबली. 'कोन होता वो तो? मले त सांग.'

'वायर...' मी म्हटलं. 'वायरचं होतं.'

तिनं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. मग माझी ओढणी नीट केली आणि बस येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंदाबाई! एक शब्द नाही!

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सभेत द्यायचा कागद लिहिला. 'अज्ञात कारणाने जोडणी बदलली जात होती.' फाडला — अज्ञात नाही. 'साफसफाईच्या वेळी जोडणी बदलली जात होती.' फाडला — साफसफाई एकच बाई करते. 'जुन्या यंत्राला पोर्टबदल समजत नव्हता, आता समजतो.' हे खरं आहे. अगदी खरं. पण अर्धं आहे. तरी घडी करून पिशवीत ठेवला.

सांगितलं नाही तर टोकाचे जवळच्यांवर आळ घालणार, जवळचे टोकाच्यांवर. सांगितलं तर ती जाणार. बाबा खूश आहेत — पोरीले सभेत बोलावलं!

बुधवार, १६ ऑक्टोबर

सगळं जसं झालं तसं लिहिते. घाईनं नको.

ओसरी भरलेली. एका बाजूला जवळचे, एका बाजूला टोकाचे. मी खांबाला टेकून, कागद हातात, घामानं ओला. उमरावजी बोलायला उठण्याआधीच जुंपली. तुडूम उघडायला माणूस कोण, यावरून. मनिरामजींनी नाव सुचवलं की टोकाचे उठायचे. 'तुमचा मानूस सोडन त आमच्या बांधीत ओलबी येत नाई!' सुखरामकाकांनी सुचवलं की जवळचे. 'तुमचा मानूस बसन त आमचं दारच नाई उघडनार!' धान निसवायला लागलंय, लोंब्या बाहेर, पाणी हाताच्या अंतरावर, आणि सोडायला माणूस नाही.

'थांबा!' उमरावजी म्हणाले. 'आधी प्रिंटरचा चोर. त्याशिवाय कोनाचा कोनावर भरोसा नाई बसत. बोल पोरी.'

मी पुढे झाले. कागदावरची अक्षरं दिसेनात. 'जुन्या यंत्राला...' म्हटलं आणि थांबले. मग ठरवलं, पूर्ण सांगायचं. तोंड उघडलं —

'तू खाली बस.'

नंदाबाई. हातात चहाची किटली.

'तुले खोटं जमत नाई, आन खरं बोलवत नाई. कायले उभी राहिली त!' मग सगळ्यांकडे वळून — 'मी होय. दर गुरवारी सारवतो, आन वायर बारीबारीनं लावतो. चारही भोकायले सारखी. त्यानं बिघडे, हे मले सोमवारी समजलं, या पोरीच्या तोंडावरून. आधी समजतं त नसती केली. बस. चहा कोनाले पाहिजे?'

कोणी कप पुढे केला नाही.

उमरावजींचा चेहरा बघवत नव्हता. 'नंदा, मी तुझ्यासमोरच शब्द देला.'

'मले माहीत आहे ना. मीच त हाव म्हनली.'

तेवढ्यात सुखरामकाका. पोट धरून! 'अवो बापा! त्या मशीनच्या भोकायले बरोबर बारी भेटली, आन आमी तीस वर्सापासून बोंबलून राहिलो!'

आधी टोकाचे हसले. मग मनिरामजींच्या बाजूनं कोणीतरी फुस्सकन. मग सगळी ओसरी. उमरावजी तेवढे हसले नाहीत. मी मध्येच बोलले. मला कोणी विचारलं नव्हतं. 'मी चारही पोर्टांत वायर घालून पाहिली,' म्हटलं. 'एवढ्या जुन्या कॉम्प्युटरचा एक तरी सैल झालेला असतोच. याचा एकही नाही. चारही सारखे.' माझा आवाज शेवटी फाटला, पण ऐकू गेलं असावं. हसणं थांबलं.

मनिरामजी नंदाबाईकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, 'तिची बांधी कुठं आहे? इकडे का तिकडे?'

'कुठंच नाई,' सुखरामकाका म्हणाले.

वर्षात पहिल्यांदा ते दोघं एकमेकांशी भांडणाशिवाय बोलले असतील. (मला माहीत नाही. अंदाज.)

उमरावजींनी टेबलावर हात आपटला. 'शब्द म्हंजे शब्द. ऑफिसात मी तिले ठेवू शकत नाई. बाकीचं सभा ठरवन.'

शेवटच्या बसची वेळ झालेली. मला निघावं लागलं. वळून पाहिलं तर नंदाबाई किटली घेऊन तशीच उभी, आणि सगळे एकदम बोलत होते.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

फोन नाही. दोनदा लावला, उमरावजी उचलत नाहीत. भूपेंद्रदादा म्हणाला, 'तूने सच बोला ना? फिर?' मी कुठं बोलले! ती बोलली.

आज गुरुवार. सारवायला कोण गेलं असेल?

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

नंदाबाईला ऑफिसातून काढलं.

काल पहाटेपासून तुडूम तिच्याकडे आहे. सभेत तिच्या नावाला दोन्ही बाजूंनी हात वर झाले. पाणी सुटलंय, सुखरामकाकांच्या बांधीपर्यंत पोचलंय! तिनंच फोन केला, तुडुमावरून. 'ऐक,' म्हणाली, आणि मोबाइल पाण्याजवळ धरला. मला नुसती खरखर आली. मी म्हटलं, ऐकू येतंय.

खोटं बोलले. राहू दे.